समासातली चिनी अक्षरे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅन्टनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगचौमध्ये, एक पातळ चोपडी विकत मिळत असे. किंमत अगदी किरकोळ. मुखपृष्ठावर एका गोऱ्या माणसाचे चित्र : त्रिकोणी टोपी, घेरदार कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, बकलांचे बूट आणि हातात काठी. आत चारशेच्या आतबाहेर शब्द. चोपडीचे नाव मराठीत सांगायचे तर ‘लाल केसवाल्यांची रोजच्या वापरातली परकी बोली’. लाल केसवाले हे आधी डच आणि मग इंग्रज. थोडक्यात, हे इंग्रजी शिकण्याचे पुस्तक होते. पण त्यात रोमन लिपीतले एकही अक्षर नव्हते.

चिनी भाषिकांनी इंग्रजीचा अभ्यास कसा केला, याचा इतिहास साधारणपणे मिशनऱ्यांच्या शाळांपासून सांगितला जातो. मला तो या चोपडीपासून सांगावासा वाटतो. शब्द, व्याकरण आणि वाचलेल्याचा अर्थ लावणे ही भाषा शिकण्याची तीन अंगे त्या देशात वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या गरजेपोटी पुढे आली. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न उभा राहिला : शिकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेने या कामात काय करायचे? तो प्रश्न आपल्याकडेही अजून मिटलेला नाही. शिवाय या कथेत हिंदुस्थान एकदा नव्हे, तीनदा येतो.

तीन म्हणजे भूगोल

१७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कॅन्टन हे एकच बंदर खुले होते. परक्यांना चिनी भाषा शिकवणे हा गुन्हा होता. १७५९ मध्ये जेम्स फ्लिंट या इंग्रजाने थेट बादशहाकडे तक्रारअर्ज नेला. त्याला मकावला तीन वर्षे कैदेत ठेवले आणि ज्या चिनी माणसाने तो अर्ज लिहून दिला त्याचा शिरच्छेद झाला. गोऱ्याने चिनी शिकायचे नाही, पण व्यवहार तर व्हायला हवा. मग भाषा शिकण्याचा सगळा भार चिनी माणसावर आला : दुकानदार, हमाल, आचारी, नावाडी यांच्यावर.

त्यांच्यासाठी ही चोपडी होती. तिचे चार भाग : व्यापार आणि आकडे, माणसे आणि नेहमीची बोलणी, संभाषण, खाद्यपदार्थ आणि किरकोळ वस्तू. प्रत्येक चिनी शब्दाखाली त्याचा इंग्रजी उच्चार चिनी अक्षरांतच दिलेला. ती अक्षरे कॅन्टनी बोलीत वाचायची, अर्थ विसरायचा आणि फक्त आवाज घ्यायचा. ‘वन’साठी जे अक्षर घेतले त्याचा उच्चार ‘वान’ आणि अर्थ ‘ऊबदार’. ‘थ्री’साठी दोन अक्षरे, ‘देइ-लेइ’. त्यांचा अर्थ भूगोल! चिनी अक्षर म्हणजे एक अख्खे अवयवी रूप. त्यात ‘थ्र’सारखे जोडाक्षर बसवायला जागाच नाही. आपल्या देवनागरीत ‘थ्री’ निदान बऱ्यापैकी लिहिता येते. त्यांना तीन म्हणण्यासाठी भूगोल म्हणावा लागला.

विल्यम हंटर हा अमेरिकन व्यापारी कॅन्टनमध्ये राहिला होता. त्याने पुढे आठवणींच्या पुस्तकात या चोपडीचे वर्णन केले आहे. ती नोकरचाकर, हमाल आणि दुकानदारांच्या हाती दिसे, आणि तिच्या अज्ञात कर्त्याबद्दल हंटरने आदरच दाखवला आहे. तो रास्त आहे. शाळा नाही, गुरू नाही, लिपी नाही अशा माणसाला या चोपडीने पोटापुरते इंग्रजी दिले. पण हे इंग्रजी बंदराबाहेर चालण्यासारखे नव्हते.

नगाचे व्याकरण

या व्यवहारातून जी बोली तयार झाली तिला पिजिन म्हणतात. ‘बिझनेस’ या शब्दाचेच ते कॅन्टनी तोंडातले रूप, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शब्द इंग्रजी आणि सांगाडा चिनी. चिनीत ‘एक माणूस’ असे नुसते म्हणता येत नाही. मध्ये मोजणीचा शब्द लागतो, जसे आपण कापडाचे थान म्हणतो किंवा दुकानदार ‘चार नग’ म्हणतो. चिनीत हा ‘नग’ प्रत्येक नामाला लागतो आणि नामानुसार बदलतो. पिजिनमध्ये त्याची जागा ‘पीस’ने घेतली, आणि ‘वन पीसी मॅन’ तयार झाला. इंग्रज त्याला हसत. पण हा वेडेपणा नव्हता. एका भाषेचे व्याकरण दुसऱ्या भाषेत इमानाने पाळलेले होते.

याच बोलीत आपली पहिली भेट होते. चीनच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजीत चांदीची नाणी पारखणारा तो ‘श्रॉफ’, लिहून दिलेला कागद ती ‘चिट’, आणि मोठी रक्कम मोजायची ती ‘लॅक’मध्ये. सराफ, चिठ्ठी, लाख! मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू घेऊन जाणारी जहाजे कॅन्टनला लागत. जमशेटजी जिजीभाईंसारख्या पारशी व्यापाऱ्यांनी स्वतः त्या वाऱ्या केल्या होत्या. कॅन्टनचा मुलगा ‘इंग्रजी’ म्हणून जे शब्द पाठ करत होता, त्यांतले काही आपल्या पेढ्यांवरून गेलेले होते.

पत्र उलटे भाषांतरून पाहणे

बाजारापुरते इंग्रजी आणि राज्य चालवायला लागणारे इंग्रजी यांतले अंतर १८३९ मध्ये एकदम उघडे पडले. अफूचा व्यापार बंद करण्यासाठी बादशहाने लिन त्सेश्यू यांना कॅन्टनला पाठवले. लिन यांनी आधी शत्रूची वर्तमानपत्रे वाचायचे ठरवले आणि इंग्रजी जाणणारे चार चिनी पदरी ठेवले. त्यांची थोडक्यात ओळख त्या वेळच्या ‘चायनीज रिपॉझिटरी’ या नियतकालिकात छापून आली होती. एक पिनांग आणि मलाक्का येथे शिकलेला. दुसरा वयस्क, बंगालमधल्या सेरामपूरला शिकलेला. तिसरा अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका मिशन शाळेत जाऊन आलेला. चौथा चीनमध्येच शिकलेला तरुण, आणि त्याचे भाषांतर सफाईदार.

सेरामपूर म्हणजे विल्यम केरीचे सेरामपूर. वैजनाथ पंडितांच्या मदतीने केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते याच गावी. त्याचा सहकारी जोशुआ मार्शमन तिथेच चिनी शिकत होता. १८१४ मध्ये त्याचे चिनी व्याकरण तिथूनच निघाले. मराठीचे ते छापील व्याकरण आणि लिन यांच्या एका दुभाष्याचे इंग्रजी, दोन्ही हुगळीकाठच्या त्या एकाच वसाहतीतून आली. ही हिंदुस्थानची दुसरी भेट.

लिन यांनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिले. तुमच्या देशात जे विष विकू देत नाही ते आमच्या देशात का विकता, असा त्याचा आशय. मलाक्कात शिकलेल्या युआन दहुई यांनी त्याचे इंग्रजी केले. पण इंग्रजीत नेमके काय उतरले, हे लिन यांना कसे कळावे? त्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी मसुदा हंटरकडे दिला आणि पुन्हा चिनीत करायला सांगितले. मूळ आणि परत आलेले चिनी ताडून पाहायचे. हंटर आणि युआन हे दोघेही मलाक्काच्या त्याच अँग्लो-चायनीज कॉलेजात शिकलेले. त्यानंतर हैनान बेटाजवळ फुटलेल्या एका इंग्रज जहाजावरून वाचलेल्या लोकांनाही लिन यांनी ते इंग्रजी पत्र वाचायला दिले. त्यांतल्या डॉक्टरने लिहून ठेवले आहे की, वाचताना हसू आवरणे कठीण गेले आणि काही भागांचा तर अर्थच लागला नाही.

ज्या पत्रावर युद्ध आणि शांतता अवलंबून असू शकत होती, त्यातली वाक्ये वाचणाऱ्याला कळत नव्हती. त्या पत्राला उत्तर आले नाही. भाषांतर चांगले असते तर युद्ध टळले असते, असे कोणी म्हणणार नाही. अफूचा पैसा वाक्यरचनेवर थांबणारा नव्हता. पण चारशे शब्दांच्या चोपडीवर राज्य चालत नाही, हे दरबाराला कळू लागले.

कलम पन्नास

पुरते कळले ते १८५८ च्या तिएनचिन तहाने. त्याच्या पन्नासाव्या कलमात असे ठरले की, इंग्रज सरकारचा पत्रव्यवहार यापुढे इंग्रजीतून होईल. काही काळ सोबत चिनी भाषांतर जोडले जाईल. मात्र अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकुराचा अर्थ खरा धरला जाईल. आपल्या देशाने कशावर सही केली आहे, हे कळण्यासाठी आता परक्यांची भाषा नीट वाचता येणे भाग होते.

१८६१ मध्ये फंग कुईफन या विद्वानाने लिहिले की, परक्यांशी आपला सारा व्यवहार बंदरातल्या दुभाष्यांवर चालतो, आणि त्यांना मालाचे भाव आणि चार नित्याची वाक्ये यापलीकडे काही येत नाही. यात हुशार मुलांना भाषा शिकवा ही तळमळ होती, तशी पोटासाठी इंग्रजी शिकलेल्यांबद्दलची तुच्छताही होती. १८६२ मध्ये बीजिंगला ‘थुंगवन क्वान’ ही सरकारी भाषाशाळा निघाली. इंग्रजीच्या पहिल्या वर्गात दहा मुले.

त्याच वर्षी कॅन्टनमध्ये थांग थिंगशू यांचे सहा भागांचे इंग्रजी शिकवणारे पुस्तक आले. थांग मिशन शाळेत शिकले, हाँगकाँगच्या कोर्टात दुभाषी होते, पुढे जार्डिन मॅथेसन या बड्या पेढीचे मुख्य चिनी अडते झाले, आणि नंतर चीनच्या पहिल्या आगबोट कंपनीचे प्रमुख. फंग ज्यांना तुच्छ मानत त्याच वर्गातला हा माणूस. त्यांच्या पुस्तकाच्या पानात मधोमध नीट इंग्रजी, चिनी अर्थ आणि उच्चार आहेत, आणि कित्येक पानांच्या वरच्या समासात त्याच वाक्याचे बंदरी इंग्रजी रूपही आहे. शिष्ट रूप मध्ये आणि चालते रूप समासात. पिजिनच्या आजच्या अभ्यासकांना तो समास म्हणजे खजिनाच वाटतो.

काल मी जातो, उद्या मी जातो

शब्द पाठ होतात. व्याकरणाशी गाठ पडली की मात्र चिनी विद्यार्थ्याला परक्या प्रदेशात आल्यासारखे होते. चिनीत क्रियापद बदलत नाही. मराठीत कल्पना करायची तर ‘काल मी जातो, आज मी जातो, उद्या मी जातो’ असे होईल. काळ सांगण्याचे काम ‘काल’ आणि ‘उद्या’ करतात किंवा एखादा छोटा अव्ययासारखा शब्द करतो. अनेकवचनाचा प्रत्यय सहसा नाही. नामाला लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, आणि पूर्वी अक्षरही एकच. ‘ती’साठी वेगळे अक्षर रूढ व्हायला १९२० चा सुमार उजाडला. लिऊ बान्नुंग यांनी त्याचा पुरस्कार केला, आणि त्यामागे परभाषेतून भाषांतर करताना येणारी अडचण हे एक मोठे कारण होते. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठी मुलालाही छळतात. एवढ्यात आपण आणि ते सारखे.

मग व्याकरण शिकवायचे कसे? ज्या भाषेत ‘नाम’, ‘क्रियापद’ या संज्ञाच घडलेल्या नाहीत, त्या भाषेत ते समजावायचे कोणत्या शब्दांत? थुंगवन क्वानचा विद्यार्थी वांग फंगचाओ याने १८७० च्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकन शालेय व्याकरणाचे चिनीत भाषांतर केले. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘एक कोपरा उचलून दाखवणे’. शिक्षकाने एक कोपरा दाखवावा आणि उरलेले तीन विद्यार्थ्याने आपले आपण शोधावेत, या कन्फ्यूशियसच्या जुन्या विचाराचा त्याला आधार आहे. परके शास्त्र आपल्या घरच्या शब्दात बसवण्याची ही रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. हाच वांग पुढे जपानमध्ये चीनचा वकील झाला, आणि १८९४ चे युद्ध पेटले तेव्हा तो तिथे होता.

इंग्रजी शिकता शिकता स्वतःच्या भाषेकडे पाहण्याची नवी नजर मिळते. १८९८ मध्ये मा ज्येनचुंग यांनी लॅटिनच्या धर्तीवर चिनी भाषेचे व्याकरण लिहिले. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचे लिहिले होते. दोघांवरही ‘परक्या साच्यात ओतलेले’ म्हणून टीका झाली, आणि दोघांनाही टाळून पुढच्या कोणाला जाता आले नाही.

हिंदुस्थानी प्रायमर

आता तिसरी भेट. १८९७ च्या फेब्रुवारीत शांघायमध्ये काही तरुण मुद्रण कामगारांनी पदरमोड करून एक छापखाना काढला, ‘कमर्शियल प्रेस’. त्यांच्यातला श्या रुईफांग हा एका इंग्रजी वर्तमानपत्रात खिळे जुळवत असे. गावात मिशन शाळांची आणि इंग्रजी शिकू पाहणाऱ्या कारकुनांची गर्दी होती. तिथे वापरात होते ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांसाठी तयार केलेले एक वाचनपुस्तक. सगळे इंग्रजीत, एक चिनी अक्षर नाही. मुले घोकत, अर्थ मास्तर सांगेल तेवढाच.

श्या यांना ही उणीव दिसली. त्यांनी श्ये हुंगलाई या शिक्षकाकडून त्या पुस्तकाला चिनी अर्थ आणि टिपा लिहून घेतल्या आणि १८९८ मध्ये ते छापले. पहिल्या दोन हजार प्रती तीन आठवड्यांच्या आत संपल्या, असे सांगतात. मागोमाग पुढची इयत्ता, त्यामागून आणखी. पुढे चीनची सर्वांत मोठी प्रकाशनसंस्था झालेल्या कमर्शियल प्रेसचा पाया या हिंदुस्थानी पुस्तकाच्या चिनी टिपांवर उभा राहिला.

हे पुस्तक किती दूर पोचले, याचा एक पुरावा वाङ्मयातच आहे. लू शुन १८९८ मध्ये नानजिंगच्या नौदल शाळेत गेले. आठवड्यातले जवळजवळ चार दिवस इंग्रजी, आणि सुरुवात मांजर-उंदरांच्या वाक्यांनी, असे त्यांनी नंतर लिहिले आहे. परकी विद्या शिकणारा म्हणजे दुसरी वाटच न उरलेला, परक्या सैतानांना आत्मा विकणारा, असे तेव्हा लोक म्हणत, हेही त्यांनीच नोंदवले. त्यांचे धाकटे भाऊ चौ त्सोरन १९०१ मध्ये त्याच शाळेत आले. तिथे वाचायला ‘इंडियन रीडर’ होते आणि ते चौथ्या भागापर्यंतच मिळत, अशी त्यांची आठवण आहे. आधुनिक चिनी निबंधाचा हा मोठा लेखक इंग्रजी वाचायला शिकला ते आपल्या मुलांसाठी काढलेल्या क्रमिक पुस्तकांवर.

यात नवे काय होते? चिनी शिक्षणाची जुनी रीत म्हणजे आधी पाठांतर, अर्थ नंतर. जुन्या चिनी ग्रंथात विरामचिन्हे नसत, शब्दांमध्ये जागा नसे. वाक्य कुठे तोडायचे हे शिकणे हाच वाचनाचा पहिला धडा. त्यामुळे अर्थ लावणे हे कष्टाचे काम आहे, हे चिनी विद्यार्थ्याला रक्तातून ठाऊक होते. ग्रंथाच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात टीका छापण्याची परंपराही शेकडो वर्षांची. श्ये हुंगलाईंनी तीच टीकेची रीत मांजर-उंदरांच्या वाक्यांना लावली.

येथे एका गोष्टीत दुसरी मिसळू नये. कॅन्टनच्या चोपडीतही स्वभाषेची अक्षरे होती आणि या प्रायमरमध्येही. पण चोपडीत त्या अक्षरांनी इंग्रजीचा आवाज अडकवून ठेवला होता, प्रायमरमध्ये त्यांनी अर्थ मोकळा केला. चोपडी वाचणारा जन्मभर ‘देइ-लेइ’ म्हणत राहिला. प्रायमर वाचणारा पुढची पुस्तके उघडू शकला. स्वभाषा मध्ये येते की मदतीला येते, याचे उत्तर ती कोणत्या कामाला लावली यावर आहे.

१९०४ मध्ये येन फू यांचे इंग्रजी व्याकरण आले, तेही चिनीतून समजावलेले. हक्सलीचे भाषांतर करून साऱ्या पिढीला उत्क्रांतिवाद सांगणारे हे विद्वान शाळकरी व्याकरण लिहायला बसले. चिनी मजकूर उभ्या ओळींत छापला जाई, त्यामुळे मध्ये इंग्रजी उदाहरण आले की वाचणाऱ्याला पुस्तक आडवे करावे लागे. म्हणून हे पुस्तक डावीकडून उजवीकडे आडव्या ओळींत छापले. असे छापलेले ते पहिले चिनी पुस्तक मानले जाते. आज सारा चीन आडवे वाचतो.

गुण आणि अर्थ

पुढचा इतिहास परीक्षेचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९०५ मध्ये हजार वर्षांहून जुनी राजसेवा परीक्षा बंद झाली आणि नव्या शाळांत इंग्रजीने पाय रोवले. १९५० च्या दशकात रशियनने तिला मागे सारले. सांस्कृतिक क्रांतीत परकी भाषा येणे हाच संशयाचा विषय झाला. १९७७ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली आणि इंग्रजीचे गुण पायरीपायरीने धरले जाऊ लागले : १९७९ मध्ये दहा टक्के, मग तीस, पन्नास, सत्तर आणि १९८३ मध्ये पूर्ण. मध्ये १९८२ मध्ये सरकारी दूरदर्शनवर ‘फॉलो मी’ हा बीबीसीचा इंग्रजीचा कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांतून लोक त्यापुढे वही घेऊन बसू लागले. १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची वेगळी राष्ट्रीय परीक्षा आली. शब्दसंग्रह, व्याकरण, उताऱ्यावरील प्रश्न असे भाषेचे कप्पे पडले आणि प्रत्येक कप्प्याला गुण मिळाले. लिन त्सेश्यू यांच्यासाठी ‘अर्थ लागणे’ हा राज्याचा प्रश्न होता. आता तो चार पर्यायांतून एक निवडण्याचा प्रश्न झाला. तरी त्या पर्यायांपुढे बसलेल्या खेड्यातल्या मुलीसाठी तो आयुष्याचाच प्रश्न असतो, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासून हवी की पाचवीपासून, माध्यम कोणते असावे, यावर प्रत्येक पिढी नव्याने भांडते. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मराठीचा एक शब्दही वर्गात नको, असा आग्रह हल्ली वाढला आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या, हे सांगितले की लोक जुनाट म्हणतात. दुसरीकडे इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून पाठ करणारी मुलेही आपण रोज पाहतो. दोन्ही टोकांना एकाच तराजूत घालून ‘मातृभाषेचा वापर’ म्हटले जाते. चीनचा दाखला सांगतो की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या हिंदुस्थानी मुलांसाठी ते प्रायमर मुळात तयार झाले, त्यांच्यासाठीही ते सगळे इंग्रजीतच होते. शांघायच्या मुलाला मात्र खिळे जुळवणाऱ्या एका कामगारामुळे त्याच्या भाषेतला अर्थ त्याच पानावर मिळाला. श्या रुईफांग १९१४ च्या जानेवारीत शांघायमध्ये मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. तोवर त्यांच्या छापखान्याची पुस्तके चीनभरच्या शाळांत गेली होती. कॅन्टनच्या चोपडीच्या कर्त्याचे नाव कुठेच नोंदलेले नाही. थांग, श्ये आणि येन फू यांची नावे निदान पुस्तकांवर आहेत. इंग्रजी शिकवण्याच्या इतिहासात कोश रचणाऱ्या मिशनऱ्यांना पाने मिळतात. स्वतः अडखळत शिकलेल्या आणि मागून येणाऱ्यासाठी ओळीशेजारी अर्थ लिहून ठेवणाऱ्या या माणसांनाही त्यात जागा असायला हवी.